रस्त्याखालच्या जमिनीचे भाडे ठाण्याला मिळू द्या

माननीय महापौर, माननीय आयुक्त आणि ठाणे महानगरपालिकेचे सर्व नगरसेवक-नगरसेविका यांस,

सप्रेम नमस्कार.

मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे शहराचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. जानेवारी 2026 च्या निवडणुकीनंतर 131 जणांचे सभागृह पुन्हा भरले. ठराव मांडणारे, त्यावर भांडणारे आणि तो मंत्रालयात नेऊन त्याचा पाठपुरावा करणारे लोक आता पुन्हा आहेत, म्हणून हे पत्र आत्ता लिहिते आहे.

माझे म्हणणे असे. ठाण्याच्या रस्त्यांखालची जमीन वीज, गॅस आणि इंटरनेटच्या वाहिन्यांसाठी वर्षानुवर्षे वापरली जाते. त्या वापरापोटी शहराला दरवर्षी ठरलेली रक्कम मिळायला हवी. ती रक्कम वेगळ्या खात्यात राहावी आणि फक्त रस्ते, पदपथ आणि वाहिन्यांच्या डक्टवर, म्हणजे केबल आणि नळ्या नेण्यासाठी जमिनीखाली बांधलेल्या बंदिस्त मार्गावर, खर्च व्हावी. यातला मोठा भाग नागरिकांच्या बिलात एक रुपयाही न वाढवता साधता येईल, असे मला वाटते. ते कसे, हे सांगण्यासाठीच एवढे लांब पत्र.

आपापल्या घरचे वीजबिल काढून पाहा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळींखाली वीज शुल्काची ओळ आहे. घरगुती ग्राहकासाठी हे शुल्क 16 टक्के आहे. ते महावितरणचे नाही. महावितरण ते फक्त गोळा करते, पैसा राज्य सरकारच्या तिजोरीत जातो. मोबाइल आणि इंटरनेट कंपन्या आपल्या समायोजित सकल महसुलाच्या 8 टक्के रक्कम परवाना शुल्क म्हणून केंद्र सरकारला देतात. घरात नळीने येणाऱ्या गॅसवर राज्याचा व्हॅट आहे. एप्रिल 2022 पासून तो साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आला, पण आहे. एकाच रस्त्याखालून जाणाऱ्या या तीन वाहिन्यांच्या उत्पन्नात केंद्राचा वाटा आहे, राज्याचा वाटा आहे. ज्या शहराच्या जमिनीतून त्या जातात आणि ज्याला तो रस्ता दर पावसाळ्यानंतर पुन्हा उभा करावा लागतो, त्या शहराचा वाटा कुठेच नाही.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, खोदाई शुल्क मिळते की. मिळते. कंपनी अर्ज करते, रस्ता डांबरी आहे, काँक्रीटचा आहे की पेव्हर ब्लॉकचा हे पाहून मीटरमागे दर लागतो, अनामत रक्कम घेतली जाते, देखरेखीचा आकार लागतो. पण हे सगळे नुकसानभरपाईचे पैसे आहेत. तुम्ही फोडले, तुम्ही भरून द्या, इतकाच त्याचा अर्थ. चर बुजला की हिशेब मिटला. त्यानंतर ती केबल त्या जागेत वीस वर्षे, तीस वर्षे राहते आणि तिच्यातून रोज धंदा होतो. त्या वर्षांचे शहराला काहीच मिळत नाही. शिवाय भरपाई तरी पुरेशी असते का, हा प्रश्न वेगळाच.

पाचपाखाडीत आमच्या गल्लीत मागच्या हिवाळ्यात एक चर खोदला गेला. खोदणाऱ्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, कारण नावे बदलतात आणि चर तसाच राहतो. आधी कटरने डांबर दोन सरळ रेघांत कापले. आत डांबराचेच तीन-चार थर एकावर एक चढलेले दिसत होते, त्याखाली खडी, मग मुरूम, मग काळी ओली माती. त्या मातीत विटांनी झाकलेली वीजकेबल, हातभर अंतरावर गॅसची पिवळी नळी, गंजलेली बिडाची पाण्याची लाइन आणि नारिंगी फायबर नळ्यांचा जुडगा. मुकादमाकडे कसलाही नकाशा नव्हता. पाण्याची लाइन कुठून वळते हे त्याने शेजारच्या इमारतीच्या म्हाताऱ्या वॉचमनला विचारले, आणि वॉचमनने चपलेच्या टोकाने रस्त्यावर रेघ ओढून दाखवली. त्या रेघेच्या भरवशावर दोन मजूर फावडे बाजूला ठेवून हातांनी माती उकरत होते, गॅसच्या नळीला धक्का लागू नये म्हणून. मला त्या दोघांची फार काळजी वाटली.

काम झाल्यावर उकरलेलीच माती एका दमात परत ढकलली. चर भरण्याची रीत अशी की थर घालायचा, पाणी मारायचे, ठोकायचे आणि मगच पुढचा थर. तसे झाले नाही. वरून डांबराची पट्टी मारली आणि माणसे गेली. पहिल्या मोठ्या पावसात ती पट्टी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बसली. नव्या-जुन्या डांबराच्या सांध्यातून पाणी आत गेले, पट्टीच्या बाजूचा चांगला रस्ताही सुटू लागला. एकदा कापलेला रस्ता पूर्वीसारखा कधीच होत नाही, हे तुमच्या बांधकाम विभागातला कुठलाही अभियंता सांगेल. खोदाई शुल्क चराच्या रुंदीपुरते लागते. रस्त्याचे आयुष्य मात्र सगळ्या रुंदीतच घटते.

आता आमच्या इमारतीच्या गच्चीवर येते. मी बँकेतून निवृत्त झाले आणि सध्या सोसायटीची खजिनदार आहे. आमच्या गच्चीवर मोबाइल टॉवर आहे. करार आहे, दरमहा भाडे येते, ठरलेल्या मुदतीनंतर ते वाढते. त्या भाड्यातून आम्ही लिफ्टची देखभाल भागवतो. त्या टॉवरपर्यंत येणारी फायबर मात्र मुख्य रस्त्यापासून आमच्या फाटकापर्यंत सार्वजनिक रस्त्याखालून येते. गच्चीतल्या चार पायांच्या जागेचे भाडे मोजणाऱ्या कंपनीला त्याच धंद्यासाठी लागणाऱ्या रस्त्याखालच्या जागेचे शहराला एक पैसा भाडे द्यावे लागत नाही. यात कंपनीचा काही दोष नाही. तिच्याकडे कोणी मागितलेच नाही, आणि पुढे सांगते त्याप्रमाणे, केंद्राच्या नियमांमुळे आज तसे सरळ मागताही येत नाही.

हेच शहर रस्त्याच्या कडेला जाहिरात फलक लावणाऱ्याकडून दरवर्षी शुल्क घेते. मंडईत भाजीची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईकडून जागेचे पैसे घेते. जमिनीच्या वर बसणारा सगळा व्यवहार पैसे देतो, खालचा देत नाही. शेतातून गॅसची किंवा तेलाची मोठी पाइपलाइन जाते तेव्हा काय होते तेही पाहा. 1962 च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहते, कंपनीला फक्त खालून वाहिनी नेण्याचा वापरहक्क मिळतो, आणि तेवढ्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या 10 टक्के रक्कम शेतकऱ्याला द्यावी लागते. पिकाचे नुकसान झाले तर त्याची भरपाई निराळी. जमिनीखालच्या वापराला किंमत असते हे या देशाच्या कायद्याने साठ वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. शहराच्या जमिनीपुरतेच ते आपण विसरलो.

याचा परिणाम आपल्या अंदाजपत्रकात दिसतो. एके काळी ठाण्याला जकात होती, म्हणजे शहराचे स्वतःचे, रोजचे उत्पन्न. 2013 मध्ये जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना तो माफ झाला, 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि तेव्हापासून महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर आहे. ती दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते हे खरे, पण ती दुसऱ्याच्या हातून येते. रस्त्यांचेच पाहा ना. 282 रस्त्यांची कामे झाली ती राज्याने 605 कोटी रुपये दिले म्हणून. पैसे दिले याबद्दल राज्याचे आभारच मानले पाहिजेत. पण गल्लीतला रस्ता करायला मंत्रालयाकडे हात पसरावा लागणे हे सुमारे साडेअठरा लाख लोकांच्या शहराला शोभत नाही, आणि हा आकडा 2011 च्या जनगणनेतला आहे, आज त्यात घोडबंदरच्या किती नव्या वस्त्यांची भर पडली आहे ते तुम्हीच बघता.

आता कायदा काय म्हणतो ते. इथे तिन्ही सेवांची गोष्ट वेगवेगळी आहे आणि सगळ्यांना एकच दर लावा असे म्हणणे सोपे असले तरी टिकणारे नाही. कायद्याच्या आधाराशिवाय कर लावता येत नाही, हे घटनेच्या 265 व्या अनुच्छेदात स्पष्ट आहे. म्हणून जे कोर्टात उभे राहील तेच मागावे.

दूरसंचाराची वाट सर्वात अरुंद आहे. 2016 च्या केंद्रीय नियमांनी ठरवून टाकले की जमिनीखालून केबल नेण्यासाठी किलोमीटरमागे फार तर 1,000 रुपये प्रशासकीय शुल्क आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च, याच्यापलीकडे स्थानिक संस्थेने काही घ्यायचे नाही. 2023 चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे 2024 चे नियम त्याच वाटेने गेले. 2016 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावण्याचा हक्क मान्य केला होता. नव्या कायद्याने दूरसंचार जाळे हे मालमत्तेचा भागच धरायचे नाही असे म्हणून तोही आवळला. तेव्हा वार्षिक भाडे सरळ मागायला गेलात तर कंपन्या नियम दाखवतील आणि त्या बरोबर असतील.

पण महापालिकेने स्वतः डक्ट बांधून तो भाड्याने दिला तर ती गोष्ट निराळी. तिथे शहर परवानगीचे पैसे घेत नसते, आपण बांधलेल्या जागेचे आणि सेवेचे घेत असते. केंद्राच्याच 2023 च्या कायद्यात सामाईक डक्ट आणि केबल मार्गिकांची कल्पना आहे. कंपन्यांनाही हे सोयीचे आहे, कारण खोदाईची परवानगी, पावसाळ्यातली बंदी, वाहतूक पोलिसांची वेळ, रहिवाशांचा राग, यातून त्या सुटतात. एका चेंबरचे झाकण उघडायचे, नळीतून फायबर ओढायची, झाकण लावायचे. बेंगळुरूमध्ये टेंडरशुअर योजनेत सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड असे रस्ते नव्याने बांधताना पदपथाखाली वाहिन्यांची जागा आधीच करून ठेवली. कोणी तिकडे गेलात तर त्या पदपथावरून एकदा चालून या.

ठाण्यात हे लगेच सगळीकडे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. खारकर आळीत किंवा जांभळी नाक्याला रस्त्याखाली सुई घुसवायला जागा नाही. गॅसची वाहिनी विजेच्या केबलसोबत बंद डक्टमध्ये घालणे धोक्याचे असते, म्हणून तिला स्वतंत्र जागा द्यावीच लागेल. पण कोलशेत, बाळकूम, कासारवडवली या भागांत विकास आराखड्यातले रस्ते अजून बनताहेत. तिथे काँक्रीट ओतण्याआधी आडव्या नळ्या टाकायला आणि पदपथाखाली डक्ट घ्यायला जो खर्च येईल तो नंतर काँक्रीट फोडून घालण्यापेक्षा कितीतरी कमी असेल. विकासकाकडून रस्ता करून घेता, तिथे डक्टची अट घालायला तर महापालिकेला पदरचे काहीच घालावे लागत नाही. ही अट उद्यापासून घालता येईल. त्यासाठी मंत्रालयाची परवानगी लागू नये.

विजेची गोष्ट माझ्या मते सर्वात महत्त्वाची आहे आणि या पत्रातली मुख्य मागणी तीच आहे. महावितरणवर वार्षिक भाडे लावले तर ती कंपनी तो खर्च वीज नियामक आयोगापुढे मांडेल, आयोग तो मान्य करील, आणि शेवटी तो आमच्याच बिलात येईल. अमेरिकेत बऱ्याच शहरांत तसेच होते. रस्त्यांच्या वापरापोटी शहर कंपनीकडून जी फ्रँचायझी फी घेते, ती बिलाच्या तळाशी वेगळी ओळ म्हणून ग्राहकाकडूनच वसूल होते. मला ते नको आहे. आम्ही 16 टक्के आधीच भरतो आहोत. त्या 16 मधले 2 टक्के ज्या शहरात वीज वापरली त्या शहराला द्या, इतकेच माझे म्हणणे आहे. ग्राहकाचे बिल तेवढेच राहील. बदलेल ते फक्त पैसा कुठे जातो ते.

राज्याला हे करता येते, कारण विजेच्या वापरावरचा कर घटनेने राज्यांकडे दिला आहे आणि तो जीएसटीच्या बाहेर आहे. यात नवे असे काही नाही. ठाण्यात घर घेताना जे मुद्रांक शुल्क भरतो त्यात 1 टक्का अधिभार महापालिकेसाठी असतो. राज्य गोळा करते आणि शहराला देते. तीच पद्धत वीज शुल्काला लावायची. दिल्लीत तर वीजबिलावर 5 टक्के कर थेट महापालिकेचा आहे, वीज कंपन्या तो वसूल करून तिच्याकडे जमा करतात. दिल्लीतला भार ग्राहकावर वेगळा पडतो, म्हणून मला त्यांची पद्धत जशीच्या तशी नको. पण वीजबिलातून शहराला पैसा मिळू शकतो, हे तिथे रोज घडते आहे.

किती पैसा मिळेल? समजा एखाद्या घराचे महिन्याचे बिल, ज्यावर शुल्क लागते तेवढा भाग, 1,500 रुपये आहे. शुल्क झाले 240 रुपये. त्या 16 टक्क्यांमधले 2 टक्के, म्हणजे 1,500 वर 30 रुपये, शहराचे. अशी एक लाख घरे धरली तर वर्षाला 3 कोटी 60 लाख रुपये होतात. ठाण्यात घरे याच्या कितीतरी पट आहेत. शिवाय दुकाने, मॉल, रुग्णालये, वागळे इस्टेटमधले कारखाने आणि कार्यालये. नेमका आकडा महावितरणच्या नोंदींवरून तुमचा लेखा विभाग चार दिवसांत काढू शकेल. तो काढून सभागृहासमोर ठेवा.

605 कोटींच्या मानाने ही रक्कम लहान वाटेल. पण बँकेत कर्जाच्या प्रस्तावांवर काम करताना आम्ही सगळ्यात आधी एक गोष्ट पाहायचो: दरवर्षी, न चुकता, कायद्याच्या आधाराने येणारे उत्पन्न किती? एकदाच मिळालेल्या मोठ्या अनुदानावर कोणी कर्ज देत नाही. लहान पण खात्रीच्या उत्पन्नावर देते. पुणे महापालिकेने जून 2017 मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी 7.59 टक्के व्याजाने 200 कोटींचे कर्जरोखे काढले. ते विकले गेले ते महापालिकेच्या उत्पन्नावर गुंतवणूकदारांचा विश्वास होता म्हणून. वीज शुल्काचा वाटा आणि डक्टचे भाडे मिळून ठाण्याचे असे खात्रीचे उत्पन्न उभे राहिले, तर त्या बळावर पोखरण रोड किंवा वर्तकनगरसारखा एकेक भाग रस्ता, पदपथ, पर्जन्यवाहिनी आणि डक्टसकट एकदाच नीट करून घेता येईल. तुकड्यातुकड्याने करून आपण पैसाही घालवतो आणि माणसांचे हालही.

गॅसबद्दल थोडक्यात लिहिते. तिथे राज्याचा व्हॅट आधीच 3 टक्के आहे, त्यातून मागण्यासारखे फार नाही. पण गॅस वितरण हा नफ्यातला व्यवसाय आहे आणि आपल्याकडची कंपनी 2016 पासून शेअर बाजारात नोंदलेली आहे. वाहिनीच्या लांबीवर मीटरमागे एक माफक वार्षिक भूवापर शुल्क ठेवावे, त्यासाठी राज्याने महापालिका कायद्यात तरतूद करावी, आणि ते दर सर्व महापालिकांत सारखे असावेत, म्हणजे एकाच शहरातल्या ग्राहकावर भार पडला असे होणार नाही. शेतकऱ्याच्या वापरहक्काचे तत्त्व शहराला लावायचे, एवढेच.

कळवा, मुंब्रा, शीळ या भागांचा वेगळा उल्लेख करायला हवा. मार्च 2020 पासून तिथे वीजवितरणाचे काम महावितरणच्या फ्रँचायझी कंपनीकडे, म्हणजे तिच्या वतीने वीज पुरवणाऱ्या टॉरेंट पॉवरकडे आहे. करार महावितरण आणि कंपनी यांच्यातला. रस्ते ज्यांचे आहेत ती महापालिका त्यात पक्षकार नाही. पुढे कधी ठाण्याच्या दुसऱ्या भागात असा करार व्हायचा असेल किंवा आहे त्या कराराला मुदतवाढ द्यायची असेल, तर महापालिकेला त्या टेबलावर जागा मिळाली पाहिजे: कुठे खोदणार, किती वर्षांत काय नेणार, तारा जमिनीखाली कधी घेणार, नकाशे कधी देणार. जर्मनीत ही गोष्ट नीट बसवलेली आहे. तिथे वीज-गॅसच्या जाळ्यासाठी कंपनीला नगरपालिकेशीच करार करावा लागतो, तो जास्तीत जास्त 20 वर्षांचा असतो, आणि युनिटमागे शहराला द्यायची कमाल रक्कम गावाच्या लोकसंख्येप्रमाणे नियमातच लिहिलेली आहे. विजेसाठी 25 हजारांपर्यंतच्या गावाला 1.32 युरो सेंट, पाच लाखांहून मोठ्या शहराला 2.39 युरो सेंट. मुदत संपली की शहर पुन्हा वाटाघाटीला बसते. मला त्या रकमेपेक्षा ही वाटाघाट जास्त मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे कंपनीला शहराचे ऐकून घ्यावे लागते.

अमेरिकेकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. तिथे 1984 च्या कायद्याने केबल टीव्ही कंपन्यांकडून शहरांना सकल उत्पन्नाच्या 5 टक्क्यांपर्यंत फी घेता येते. लोकांनी केबल सोडून इंटरनेटवर चित्रपट पाहायला सुरुवात केली तशी शहरांची ती कमाई आटू लागली. म्हणून उत्पन्न एकाच सेवेला बांधू नये. दुसरी गोष्ट अशी की अनेक शहरांत ही फी सर्वसाधारण निधीत पडते आणि तिथून ती कुठे गेली हे नागरिकाला कळत नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहराने वेगळी वाट धरली. तिथे फ्रँचायझी फीखेरीज वीजबिलावर एक वेगळा अधिभार आहे, आणि तो डोक्यावरच्या तारा जमिनीखाली नेण्याच्या कामासाठीच राखलेला आहे.

म्हणून वेगळ्या खात्याबद्दल मी इतकी आग्रही आहे. आपल्याकडे परिवहनचे अंदाजपत्रक वेगळे असते, वृक्ष प्राधिकरणाचे वेगळे असते. तसाच सेवा वाहिनी निधी वेगळा ठेवा. त्यात वीज शुल्काचा वाटा, डक्टचे भाडे आणि आज मिळणारे खोदाई शुल्कही जमा होऊ द्या. त्यातून पगार नकोत, सुशोभीकरण नको, कमानी नकोत. रस्ते, पदपथ, पर्जन्यवाहिन्या आणि डक्ट, एवढ्यावरच खर्च, आणि दर एप्रिलमध्ये प्रभागवार जमा-खर्च महापालिकेच्या संकेतस्थळावर मराठीत. हा निधी सर्वसाधारण खात्यात मिसळणार असेल तर मी स्वतः या मागणीला विरोध करीन, कारण मग आमच्या गल्लीला त्याचा काही उपयोग नाही.

आणि नकाशा. वॉचमनच्या चपलेने काढलेली रेघ हा ठाण्याच्या भूमिगत वाहिन्यांचा नकाशा असू शकत नाही. केंद्राने 22 मार्च 2023 ला 'कॉल बिफोर यू डिग' हे अॅप आणले, ज्याने खोदायचे त्याने आधी तिथे कळवायचे म्हणून. महापालिकेने खोदाईच्या प्रत्येक परवानगीला दोन अटी जोडाव्यात: या अॅपवर सूचना दिल्याशिवाय काम सुरू करायचे नाही, आणि वाहिनी टाकल्यावर तिची खोली व जागा दाखवणारा डिजिटल नकाशा महापालिकेकडे दिल्याशिवाय अनामत परत मिळणार नाही. पाच-सात वर्षांत शहराचा संपूर्ण भूमिगत नकाशा आपोआप तयार होईल. मेट्रोच्या कामात घोडबंदर रस्त्यावर वाहिन्या हलवताना किती वेळ गेला आणि वाहतूक किती अडकली, हे तुम्ही सर्वांनी पाहिले आहे. जेसीबीचा दात गॅसवाहिनीला लागणे ही तर जिवाशी गाठ.

हे सगळे एका दिवसात होणार नाही. पण पहिली तीन पावले सर्वस्वी तुमच्या हातात आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत वीज शुल्कातल्या वाट्याचा ठराव पक्षभेद बाजूला ठेवून मंजूर करा आणि शासनाकडे पाठवा. ऊर्जा खाते मुख्यमंत्र्यांकडे आहे, आणि नगरविकास खाते ज्या उपमुख्यमंत्र्यांकडे आहे ते कोपरी-पाचपाखाडीचेच आमदार आहेत. ठाण्याचा प्रश्न त्यांना समजावून सांगावा लागणार नाही. आयुक्तांनी नव्या रस्त्यांच्या निविदांमध्ये आणि विकासकांच्या अटींमध्ये डक्ट सक्तीचा करावा. आणि पुढच्या अंदाजपत्रकात सेवा वाहिनी निधीचे स्वतंत्र पान दिसावे, भले पहिल्या वर्षी त्यात फक्त खोदाई शुल्काची रक्कम असली तरी चालेल.

नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर यांचाही हाच प्रश्न आहे. ठाण्याने ठराव केला तर तो त्या महापालिकांना पाठवा, त्यांचाही आवाज जोडून घ्या. एका शहराची मागणी फाइलमध्ये पडून राहते, चार शहरांची विधानसभेत येते.

या विषयावर प्रभाग समितीत किंवा मुख्यालयात नागरिकांची बैठक बोलावलीत तर मी येईन. सोसायटीचे हिशेब, टॉवरच्या भाड्याचा करार आणि गल्लीतल्या चराची छायाचित्रे सोबत आणीन. बँकेतून निवृत्त झालेले माझे दोघे-तिघे सहकारी ठाण्यातच राहतात. कर्जरोख्यांचा आणि निधीच्या नियमांचा मसुदा करायला मदत लागली तर आम्ही ती विनामूल्य देऊ. ठराव सभेच्या विषयपत्रिकेवर कोणत्या तारखेला घेणार, एवढे कृपया जाहीर करावे.

आपली,
पाचपाखाडीतील एक ठाणेकर